वास आला नाही, म्हणून तक्रार निकाली?

मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष, सर्व सन्माननीय नगरसेवक आणि शहरातल्या गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष-सेक्रेटरी यांस,

सप्रेम नमस्कार.

एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये विषारी वायू साचतो, अशी तक्रार मी केली होती. तिला आपल्या कार्यालयाचं उत्तर मागच्या महिन्यात मिळालं. तीन ओळींचं आहे. स्थळपाहणी केली, तळघरातल्या पार्किंगमध्ये कोणत्याही वायूचा वास आढळून आला नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. खाली सही आणि शिक्का. ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग ठरवलं की याचं उत्तर बंद पाकिटातून द्यायचं नाही, सगळ्यांना वाचता येईल असं द्यायचं.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इमारतीचंही नाही. कुणाला चव्हाट्यावर आणायचं नाही मला. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या ज्या ज्या शहरात जांभा कापून इमारतीखाली गाड्यांसाठी तळघर काढलंय, तिथल्या लोकांनी हे आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं.

माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. शहरातल्या बऱ्याच सोसायट्यांच्या टाकीवरच्या मोटरी, तळघरातले पाणी उपसायचे पंप, एक्झॉस्ट फॅन माझ्या हाताखालून गेलेत. तेव्हा मी लिहितोय ते ऐकीव नाही. शिवाय या गोष्टीत माझ्या घरचं माणूस आहे.

गेल्या जुलैत तीन दिवस पाऊस नुसता कोसळत होता. दुसऱ्या रात्री वीज गेली ती गेलीच. सकाळी सातला एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तळघरात गुडघाभर पाणी भरलंय आणि अजून दोन गाड्या खालीच आहेत. तिथला उपसा पंप विजेचा, तो बंद. माझ्याकडे शेतावर वापरतात तसला पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा पंप होता. मी आणि माझा भाचा तो टेम्पोत घालून गेलो. भाचा एकोणीस वर्षांचा, आयटीआय करून माझ्याकडे हाताखाली काम शिकतो. पंप रॅम्पच्या वर ठेवायचा विचार होता, पण ओढीची नळी आखूड पडली. मग चौघांनी उचलून तो खाली नेला आणि पाण्याच्या वर राहील अशा कठड्यावर ठेवला. खाली न्यायचं मीच ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सगळा दोष दुसऱ्याच्या माथी मारतोय असं कुणाला वाटायला नको.

त्या तळघराला जमिनीलगत हवेसाठी झरोके आहेत. पश्चिमेकडून झड आत येते, म्हणून सोसायटीने जूनच्या सुरुवातीलाच सगळ्या झरोक्यांवर निळी ताडपत्री चढवून वर लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. एक्झॉस्ट फॅन विजेवर, म्हणजे तेही बंद. हवा जायला-यायला एक रॅम्पचं तोंड तेवढं उरलं होतं. पंप सुरू झाला, पाणी ओढू लागला. भाचा नळीच्या तोंडाशी अडकणारा पालापाचोळा काढत उभा राहिला. मी सारखा वर-खाली करत होतो, पाणी गटारात नीट जातंय ना ते बघायला. मी का शुद्धीवर राहिलो, ते या फेऱ्यांमुळे.

अर्ध्या-पाऊण तासाने तो म्हणाला, "मामा, माका गरगरता. वायच भायर जातंय." मी म्हटलं, उपाशीपोटी आलायस, वर जाऊन चहा घे. दोन पावलं टाकली, भिंतीला हात लावला आणि पाण्यातच खाली बसला. मग मान पुढे पडली. वॉचमनने आणि मी काखेत हात घालून त्याला रॅम्पवर ओढला. तेवढ्या पंधरा-वीस पावलांत माझ्या पायांतलं बळ गेलं होतं.

वर आणल्यावर कुणी म्हणालं पित्त झालंय, कुणी म्हणालं साखर उतरली असेल. एका घरातून कोकम सरबत आलं. कोविडपासून घराघरांत असतं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कुणीतरी आणलं. त्यावर आकडा आला ९८. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घरी नेऊन झोपवू या, असं मीच म्हणालो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक नर्सबाई खाली आल्या. खाली इंजिन चालू होतं का, एवढंच त्यांनी विचारलं आणि पुढे आम्हाला एक मिनिट थांबू दिलं नाही.

दवाखान्यात मास्क लावून ऑक्सिजन दिला, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट धरून बसतो. बोटाच्या त्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि हा वायू धरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असला तरी ते ९८ दाखवत राहतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्म्याने उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तासात उतरतो. डॉक्टर बोलत होते आणि माझ्या डोक्यात माझंच वाक्य फिरत होतं, घरी नेऊन झोपवू या.

भाचा वाचला. दोन महिने अधूनमधून डोकं धरून बसायचा, आता बरा आहे.

म्हणून आपल्या पत्रातला 'वास' हा शब्द मला सहन होत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्याकडे नाकावर भरवसा फार. फणस पिकला ते वासावरून, बांगडा ताजा की कालचा ते वासावरून. घरातला गॅस गळला तर कळतो, कारण कंपनी त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य मिसळते. या वायूत तसं कुणी काही मिसळत नाही. त्यामुळे वास आढळला नाही हे वाक्य लिहायला पाहणी करायची गरजच नव्हती. वायू जीवघेणा असता तरी तेच लिहावं लागलं असतं.

ज्याला वास आहे, त्याच्या बाबतीतही नाक फसवतं. आपल्याकडच्या अनेक इमारतींत मैल्याची टाकी पार्किंगच्या फरशीखालीच असते, झाकण दोन गाड्यांच्या मधे. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवेत त्याचं प्रमाण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेलं की वास घेणारी नसच बधिर होते आणि वास गेला असं वाटतं. त्याच वेळी माणूस वाकून आत बघतो. २०१३ च्या कायद्याने अशा टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवायला बंदी आहे, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तरी झाकण उघडण्याआधी वायू मोजलेला मी बावीस वर्षांत एकदाही पाहिला नाही.

पाहणी कधी झाली तेही सांगतो, कारण मी तिथे हजर होतो. तक्रार ऑगस्टमधली. आपले दोन कर्मचारी आले फेब्रुवारीत, सकाळी साडेअकराला. गाड्या सगळ्या कामावर गेलेल्या, जनरेटर बंद, ताडपत्र्या उतरवलेल्या, झरोक्यांतून ऊन आत आलेलं. त्यांच्या हातात वही होती, कुठलंही यंत्र नव्हतं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना यंत्र दिलंच नव्हतं, तर ते नाकानेच बघणार.

आता सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट. त्या तळघरात गॅस डिटेक्टर आहेत. तीन आहेत. नऊ वर्षांपूर्वी भोगवटा प्रमाणपत्र मिळालं तेव्हा बिल्डरने बसवले, फोटो काढले, फाइलला लागले. भाच्याच्या प्रकारानंतर मी शिडी लावून तिन्ही उघडून बघितले. पहिल्याच्या जाळीवर पांढरा रंग बसलेला. रंगाऱ्याने छताबरोबर त्याच्यावरही ब्रश फिरवला होता. दुसऱ्याचं झाकण काढलं तर तांब्याच्या तारांची टोकं हिरवीगार, न कल्हई केलेल्या पितळेत ताक कळकावं तशी, बोटाने दाबली तर तुटली. तिसरा बरा दिसत होता, पण पॅनेलपर्यंत त्याची तार पोहोचतच नव्हती. पॅनेलचं बटण बंद. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला पावसाळ्यात सारखं पीं-पीं करायचं, लोक ओरडायचे, म्हणून कमिटीने बंद करायला सांगितलं.

हे डिटेक्टर बल्बसारखे नाहीत, की एकदा लावला आणि जळेपर्यंत चालला. कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरमध्ये रसायन असतं, ते साधारण पाच ते सात वर्षांत संपतं. तोवरही अधूनमधून ठरावीक प्रमाणाचा चाचणी वायू सोडून तो बरोबर आकडा दाखवतो का, हे बघावं लागतं. आपली हवा खारी आणि दमट. घाटावर जो फॅन दहा वर्षं बिनतक्रार फिरतो, तो इथे चार वर्षांत माझ्या दुकानात येतो. फॅन निदान आवाज करून सांगतो की माझं बेअरिंग गेलंय. सेन्सर गुपचूप मरतो, आणि भिंतीवर तो आहे म्हणून लोक निर्धास्त असतात.

जागेचं तर कुणी बघतच नाही. तिन्ही छताला चिकटवलेले. कार्बन मोनॉक्साइड हवेच्याच वजनाचा, जरासा हलका, तो हवेत मिसळून सगळीकडे पसरतो. म्हणून त्याचा डिटेक्टर माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवा, जमिनीपासून चार-पाच फुटांवर. एलपीजी आणि पेट्रोलची वाफ जड, ती फरशीवर आणि गटाराच्या खोलगटात साचते, तिचा डिटेक्टर खाली. सीएनजी हलका, तो वर तुळयांच्या मधल्या खणांत अडकतो, तिथे छताचा डिटेक्टर बरोबर. आता सीएनजीच्या रिक्षा आणि गाड्या रोज तळघरात उभ्या राहतात, आणि हा वायू हवेत पाच टक्के झाला की ठिणगीला पेट घेतो. वॉचमनच्या केबिनमध्ये छोटा सिलिंडर असतो, तो एलपीजीचा. तीन वायू तीन उंचींवर, आणि आपण सगळ्यांसाठी एकच डबी छताला लावून मोकळे.

कुणी म्हणेल, तळघरात पंप चालवणं हा वेडेपणा होता, रोज थोडंच तसं होतं. मान्य. पण गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कुठल्याही मोठ्या इमारतीच्या तळघरात जाऊन बघा. चाकरमानी आलेले, एकाच्या जागेत दोन गाड्या, रॅम्पवर रांग, बाहेर पाऊस म्हणून इंजिन आणि एसी चालू. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सामानाजवळ खालीच उभी. पेट्रोल गाडीचं इंजिन थंड असताना धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अजून तापलेला नसतो, म्हणून सुरू केल्यावरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांत कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात जास्त निघतो. सगळ्या गाड्या आपली ती मिनिटं तळघरातच काढतात. त्या वेळीही झरोक्यांवर ताडपत्री असते, कारण पाऊस अजून गेलेला नसतो. गेल्या गणपतीत मी स्वतःच्या पैशाने घेतलेला हातातला मीटर घेऊन असाच एका तळघरात उतरलो. रॅम्प संपायच्या आत तो वाजायला लागला.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, हवेत या वायूचं प्रमाण घनमीटरला ३५ मिलिग्रॅम असेल तर तिथे माणसाने एक तासापेक्षा जास्त राहू नये, आठ तासांसाठी मर्यादा १० मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांत बाहेरच्या हवेसाठी आठ तासांची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. गाडीवाला पाच मिनिटांत वर जातो. वॉचमन बारा तास खाली बसतो, केबिन खालीच, रात्री डुलकी तिथेच. मी चार इमारतींच्या वॉचमनना विचारलं, सकाळी डोकं जड असतं का. तिघे हो म्हणाले. पैकी एक दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या खातोय.

जनरेटरचं थोडक्यात सांगतो. त्याच्या धुराड्याची उंची किती, याचं सूत्र ठरलेलं आहे: इमारतीची उंची, अधिक जनरेटरच्या क्षमतेच्या, म्हणजे केव्हीएच्या आकड्याच्या, वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. २५ केव्हीएचा जनरेटर असेल तर इमारतीच्या वर एक मीटर. मी दुरुस्तीला जातो त्यांतल्या काही ठिकाणी हे धुराडं कमरेच्या उंचीला संपतं, तळघराच्या झरोक्यासमोर.

नियम नाहीत असं नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ सांगते की आग किंवा संकटाच्या वेळी तळघर पार्किंगची हवा तासाला किमान १२ वेळा बदलली पाहिजे. झरोक्यांचं एकूण क्षेत्र तळाच्या अडीच टक्क्यांहून कमी नको. म्हणजे सहाशे चौरस मीटरच्या तळघराला पंधरा चौरस मीटर उघडी जागा हवी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ती किती असते, ते वर लिहिलंच आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार सोसायटीने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', द्यायचं असतं. आग विझवायच्या नळ्या आणि लाल बाटल्या बघून प्रमाणपत्र होतं. गॅस डिटेक्टरसमोर चाचणी वायू धरताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

आणि अशा वेळी आपण मंडईखाली दोन मजली भूमिगत पार्किंगचा ठराव मंजूर केलात. सभागृहाबाहेर नकाशा लावला होता, तो मी पूर्ण वाचला. सीसीटीव्ही आहे, तिकिटाचं यंत्र आहे, इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंगची जागा आहे. वायू मोजण्याबद्दल एक शब्द नाही. पार्किंगला माझा विरोध नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत बाजारात पाय ठेवायला जागा नसते, ते मीही बघतो. पण त्या खड्ड्यात उद्या भाजीवाल्या बायका पाऊस चुकवायला टोपल्या घेऊन उतरणार, हे नकाशा काढणाऱ्याला माहीत नसेल, आपल्याला माहीत आहे.

म्हणून नगरपरिषदेकडे मागण्या अशा. माझी तक्रार पुन्हा उघडावी आणि पाहणी यंत्राने करावी. ती पावसाळ्यात, गाड्यांच्या गर्दीच्या वेळी, झरोके ज्या स्थितीत असतात त्या स्थितीत व्हावी, आणि आलेला आकडा वेळेसह पत्रात लिहावा. दरवर्षी मृगाच्या आधी नालेसफाई होते, तशीच त्या पंधरवड्यात शहरातल्या प्रत्येक तळघर पार्किंगची तपासणी व्हावी. अग्निशमन विभागासाठी हातात धरून वायू मोजायचे मीटर घ्यावेत आणि तळघरात पाणी भरल्याची वर्दी आली की जवानांनी ते घेऊनच उतरावं. नवीन इमारतीला भोगवटा देताना डिटेक्टर आहे का एवढंच विचारू नये. तो योग्य उंचीवर आहे का, त्याच्या सिग्नलवर फॅन आपोआप सुरू होतो का, वीज गेल्यावर फॅन आणि पॅनेल दोन्ही चालतात का, हे समोर चालवून बघावं. मंडईच्या अंदाजपत्रकात ही सगळी कामं आणि त्यांच्या वार्षिक देखभालीचा खर्च घालावा, निविदा निघण्याआधी. जनरेटरच्या धुराड्यांना नोटिसा काढाव्यात.

सोसायट्यांच्या कमिट्यांकडेही मागणं आहे. यंदा ताडपत्री ठोकू नका. पाणी आत येणार नाही आणि हवा अडणार नाही अशा तिरक्या पट्ट्यांच्या जाळ्या मिळतात, आपले फॅब्रिकेटर करून देतात. सेन्सर कुठल्या वर्षी बसवला ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं, शिडी लावून वाचा. तो वाजत असेल तर बंद करण्याआधी का वाजतोय ते बघा. वॉचमनची केबिन वर आणा. आणि रॅम्पच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहा: खाली पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेलचा पंप आणि जनरेटर चालवण्यास मनाई. अशी पाटी त्या दिवशी तिथे असती तर मी ती वाचली असती.

माझ्या धंद्यातल्या भावांनाही सांगतो. इंजिन वर ठेवा आणि नळी लांब घ्या. गिऱ्हाईक घाई करेल, गाड्या बुडताहेत म्हणेल. बुडू देत.

मृगाला अजून सहा-सात आठवडे आहेत. या पत्राची प्रत मी आपल्या आवक विभागात देऊन पोच घेतली आहे. माझा मीटर दुकानात टेबलावर असतो. आपल्या माणसांना पाठवा, मी हातातलं काम टाकून बरोबर येईन. भाचाही येतो म्हणालाय, पण तो रॅम्पच्या वर थांबेल. खाली उतरायला त्याची आई अजून देत नाही, आणि मीही सांगत नाही.

आपला,
पंप आणि मोटर दुरुस्तीवाला एक नागरिक